शिडी, वेल आणि दोर

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. नातू माझ्याकडे राहावयास आला होता. दुपारची जेवणे आटोपली की तो टीव्हीपुढे ठाण मांडी. त्या दिवशी मी वर्तमानपत्र चाळीत बसलो होतो. सहज मान वर केली, तो पडद्यावर एक चिमुकला माणूस खोल दरीवर लोंबणाऱ्या दोराला धरून झोके घेत होता. दोर पुढे जाई, मागे येई, आणि नातू खेळाचे यंत्र दोन्ही हातांत धरून श्वास रोखून बसला होता.

"अरे, सोड ना आता!" मी न राहवून म्हटले.

"आत्ता नाही आजोबा. आत्ता सोडलं तर मधेच पडेल तो," माझ्याकडे न पाहताच तो म्हणाला.

दोर पुन्हा मागे गेला, पुन्हा पुढे आला, वर चढू लागला, आणि त्या चढत्या झोक्यात नातवाने बोट उचलले. तो चिमुकला माणूस पलीकडच्या कड्यावर अलगद उतरला.

नातवाचे ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. का राहिले ते लेखाच्या शेवटी सांगेन. माझा जन्म इतिहास शिकविण्यात गेला. चार दशकांहून अधिक वय झालेल्या कोणत्याही गोष्टीला इतिहास असतो, एवढे मला पक्के ठाऊक आहे. म्हणून या खेळांतल्या शिड्यांचा, वेलींचा आणि दोरांचा माग काढावा असे ठरविले. जुने खेळ आजही खेळावयास मिळतात. नातवाने ते एकेक लावून दिले, आणि पंचाहत्तरीच्या घरातल्या माझ्या आंगठ्याने ते कसेबसे खेळूनही पाहिले.

ज्यांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात त्यांची मांडणी अगदी साधी असते. पडद्यावर एकावर एक मजले रचलेले, खेळगडी त्यांवरून धावणार, आणि खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण सदैव जागे. आता प्रश्न असा की, या मजल्यावरून त्या मजल्यावर जायचे कसे? या एका प्रश्नाची उत्तरे कशी बदलत गेली, तोच आपला इतिहास.

पहिले उत्तर होते शिडी. जपानच्या युनिव्हर्सल कंपनीने १९८० साली 'स्पेस पॅनिक' नावाचा खेळ काढला. मजले होते, शिड्या होत्या, आणि हातात जमीन खणण्याचे अवजार. शत्रू खड्ड्यात अडकला की त्याला ठोकून खाली पाडावयाचे. यात उडी नव्हतीच. वर जायचे तर शिडीने, खाली यायचे तर शिडीनेच. बाजाराने या खेळाचे फारसे कौतुक केले नाही. पण या कुळाचा मूळ पुरुष म्हणून आज पुष्कळ जाणकार त्याचेच नाव घेतात.

कौतुक झाले ते पुढच्या वर्षी, 'डाँकी काँग'चे. त्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. निन्टेंडो कंपनीने 'रडार स्कोप' नावाच्या खेळाची सुमारे ३००० यंत्रे अमेरिकेत पाठविली होती. त्यांपैकी २००० च्या आसपास खपलीच नाहीत. त्या पडून राहिलेल्या लाकडी पेट्यांत बसेल असा दुसरा खेळ हवा होता. ते काम आले शिगेरू मियामोतो या तरुणाकडे. क्योतोजवळच्या सोनोबे गावात १९५२ साली जन्मलेला हा माणूस औद्योगिक रचनाकलेचा विद्यार्थी. स्वतंत्रपणे खेळ रचण्याचा त्याला अनुभव नव्हता. देखरेखीला गुनपेई योकोई नावाचे अनुभवी गृहस्थ होते. मियामोतोने एक राक्षसी माकड कल्पिले. ते एका स्त्रीला पळवून अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या माथ्यावर जाऊन बसते, आणि एक सुतार तिला सोडविण्यासाठी खालून वर चढू लागतो. माकड वरून पिंपे गडगडत सोडते. या सुताराला तेव्हा 'जंपमॅन' म्हणत. पुढे मारिओ या नावाने जगभरच्या पोरांच्या तोंडी झाला तो हाच.

या खेळात उडी आली, पण शिडी गेली नाही; उलट शिडीला स्वतःचा स्वभाव आला. शिडीवर असताना जंपमॅनला उडी मारता येत नाही. हाती हातोडा आला की पिंपे फोडता येतात. मात्र हातोडा हाती असेतो शिडी चढता येत नाही. काही शिड्या मध्येच तुटलेल्या. त्यांवरून माणसाला पलीकडे जाता येत नाही, पण वरून येणारे पिंप मात्र त्याच तुटक्या शिडीवरून खुशाल खाली घरंगळते! आपल्या उंचीहून थोडे अधिक खाली पडले की जंपमॅन मरतो. म्हणजे उतरायलाही शिडीच हवी. शिडीच्या मध्यावर आपण आहोत आणि पिंप त्याच शिडीने येत आहे असे दिसले, म्हणजे जी तारांबळ उडते ती मी स्वतः अनुभवली आहे. तिथे चातुर्य उपयोगी पडत नाही. आले तसे मुकाट्याने मागे उतरावे लागते, तेवढा वेळ असला तर.

शिडी म्हणजे दुसऱ्याने बांधून ठेवलेली वाट. ती डुलत नाही, फसवीत नाही; पण तिच्यावर पाय ठेवला की आपले स्वातंत्र्य संपले. जाता जाता या शिडीने आणखी एक मोठे काम केले, तेही सांगितले पाहिजे. १९८२ साली योकोईंनी 'डाँकी काँग'ची खिशात मावेल अशी आवृत्ती काढली. धावण्यासाठी डावे-उजवे आणि शिडीसाठी वर-खाली अशा चार दिशा एका आंगठ्याखाली आणणे भाग होते. त्यासाठी त्यांनी अधिकच्या चिन्हासारखी एक सपाट कळ बसविली. पुढे कित्येक वर्षे जगातली मुले जी कळ दाबीत होती ती हीच.

त्याच १९८२ साली शिडीच्या शेजारी वेल आली, आणि खेळाचा रंग पालटला.

'डाँकी काँग'चा पुढचा भाग होता 'डाँकी काँग ज्युनियर'. यात बाजू उलटली आहे. मारिओने माकडाला पिंजऱ्यात कोंडले आहे, आणि माकडाचे पोर बापाला सोडवायला निघाले आहे. माकडाच्या पोराला शिडीचे काय काम? म्हणून मियामोतो आणि मंडळींनी पडदाभर वेली टांगल्या. या वेलींचा नियम मला फार आवडला. पोराने दोन हातांत दोन वेली धरल्या तर ते झपाट्याने वर चढते, पण उतरते हळू. एकच वेल धरली तर चढणे सावकाश, उतरणे मात्र सर्रकन. म्हणजे चढताना हात पसरावे, संकट आले की एक हात काढून घ्यावा आणि घसरत खाली यावे. शेवटच्या पडद्यावर साखळ्या टांगलेल्या असतात. त्यांवरून सहा किल्ल्या वर ढकलीत कुलपांपर्यंत नेल्या की बाप सुटतो. शिडीवर एकच प्रश्न होता, चढू की उतरू? इथे पहिल्यांदा हातांना विचार करावा लागला.

तिकडे अमेरिकेत याच वर्षी 'पिटफॉल' निघाला. अटारी कंपनीतून बाहेर पडलेल्या काही जणांनी १९७९ साली ॲक्टिव्हिजन नावाची संस्था काढली होती. त्यांपैकी डेव्हिड क्रेन हे या खेळाचे कर्ते. पिटफॉल हॅरी नावाचा वीर जंगलात धावतो. वीस मिनिटांत बत्तीस खजिने गोळा करावयाचे असतात. जंगल २५५ पडद्यांचे. आणि हे सारे बसविले होते अवघ्या चार किलोबाइटांत! ज्या यंत्रावर हा खेळ चाले त्याची कामापुरती स्मृती १२८ बाइटांची. एवढ्यात या परिच्छेदातली दोन वाक्येही धड मावायची नाहीत. तेव्हा २५५ पडदे साठविणार कुठे? क्रेन यांनी ते साठविलेच नाहीत. एका आकड्यावरून पुढचा आकडा काढण्याची एक युक्ती त्यांनी योजली. पुढे गेले की पुढचे जंगल त्या आकड्यातून उमलते, मागे फिरले की तीच युक्ती उलटी चालून मागचे जंगल जसेच्या तसे परत उभे राहते.

या जंगलात डबकी आहेत, रेतीचे दलदली खड्डे आहेत, सुसरी आहेत. आणि काही ठिकाणी वरून एक वेल हेलकावे घेत असते. त्या यंत्राला झुलती वेल काढता येण्याची सोय नव्हती. ते चित्र ओळीओळीने रंगवी. क्रेन यांनी चेंडूसाठी दिलेला एक ठिपका घेतला आणि प्रत्येक ओळीला तो किंचित सरकवीत नेऊन त्याची वेल केली. चेंडूची वेल करणाऱ्या या माणसाला आपले जुने कारागीर नक्कीच मानते झाले असते. हॅरीने उडी मारून वेल पकडली की पडद्यातून जंगलातल्या वीराची आरोळी ऐकू येते. दांडी खाली ओढली की हात सुटतो.

याच खेळात शिडीही आहे, आणि दोहोंतला फरक इथे अगदी शेजारी शेजारी दिसतो. शिडी भुयारात उतरते. भुयारातला एक पडदा ओलांडला की वरचे तीन पडदे ओलांडल्यासारखे होते, वाट जवळची. पण तिथे विंचू फिरतात आणि कुठे मध्येच विटांची भिंत आडवी येऊन उभी राहते. वर वेल आहे. तिथे भिंत नाही, आडकाठी नाही. फक्त वेळ साधली पाहिजे. शिडी आपल्यासाठी थांबते, वेल थांबत नाही. प्लॅटफॉर्म खेळांत काळ शिरला तो या वेलीवरून.

तिसरी वेल कोर्टाची पायरी चढली. जपानच्या तायतो कंपनीने १९८२ सालीच 'जंगल किंग' काढला. लंगोटी नेसलेला वीर आरोळी ठोकीत या वेलीवरून त्या वेलीवर झेपा घेतो. हा कोण ते सांगावयास नको. एडगर राइस बरोज यांनी टारझनला १९१२ साली जन्म दिला, आणि जॉनी वाइसम्युलर यांच्या १९३२ च्या बोलपटापासून त्याची आरोळी जगाने ऐकली. बरोज यांच्या वारसांनी दावा लावला. तेव्हा तायतोने खेळाचे नाव 'जंगल हंट' केले, लंगोटी काढून डोक्यावर शिकारी टोपी चढविली, आरोळी बंद केली आणि वेलींच्या जागी दोर टांगले. खेळ तोच राहिला. वेलीचा दोर झाला तो कायद्याच्या धाकाने!

हे वाचून मला मल्लखांबाची आठवण झाली. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले असे आपली परंपरा सांगते. आज जो दोरीचा मल्लखांब आपण पाहतो तो पूर्वी वेताचा होता; चांगला लांब वेत मिळेनासा झाला तेव्हा त्याच्या जागी सुती दोरी आली. वेतही एक वेलच. इथे कोर्टकचेरी नव्हती, टंचाई होती. पण वेलीची जागा दोराने घेतली ती दोन्हीकडे. आणखी एक नवल. 'सुपर मारिओ ६४' या १९९६ सालच्या खेळात मारिओ झाडावर किंवा खांबावर चढून टोकाला पोहोचला की तिथे हातांवर उलटा उभा राहतो. मल्लखांबाच्या बोंडावर पोरे उभी राहतात अगदी तसा! त्याने हे आपल्याकडून उचलले असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. खांबाच्या टोकाला पोहोचलेल्या देहाला याहून अधिक काय सुचणार? दोन देशांत तेच सुचले, इतकेच.

मधल्या काळाची हकीकत थोडक्यात सांगतो. १९८३ साली डग्लस स्मिथ यांचा 'लोड रनर' आला. त्यात शिड्या होत्याच. शिवाय आडवे दांडे होते. त्यांना लोंबकळत एका हातामागून दुसरा हात टाकीत जायचे, आणि वाटेल तेव्हा हात सोडून खाली पडायचे. कितीही उंचावरून पडले तरी या गड्याला इजा नाही. १५० पडदे देऊनही स्मिथ थांबले नाहीत. खेळणाऱ्याने स्वतः शिड्या-दांडे मांडून नवे पडदे रचावे अशी सोय त्यांनी खेळातच केली. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये शिडी उरलीच नाही. एखाद्या विटेला डोके आपटले की तिच्यातून वेल उगवून ढगांत जाई. ती चढलीच पाहिजे असे नव्हते. ज्याला गुपित सापडले त्याला वर नाण्यांची रास मिळे. जॉर्डन मेक्नर यांच्या १९८९ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त तर वेल नाही, दोरही नाही. आहे तो नुसता कड्याचा काठ, आणि त्याला बोटांनी लटकलेला देह. मेक्नर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावताना-उड्या मारताना चित्रफितीवर टिपले आणि त्यावरून चित्रे काढली. म्हणूनच तो राजपुत्र काठावरून वर चढतो तेव्हा त्याच्या अंगाला वजन आहे असे वाटते.

आता शेवटचे उत्तर. त्याचा मान मी तोकुरो फुजिवारा यांना देतो. १९८३ साली ते कोनामी कंपनीत असताना त्यांनी 'रॉक अँड रोप' हा खेळ रचला. यातल्या गड्याला उडी मारता येत नाही. तो वरच्या खडकावर दोर फेकतो, दोर रुततो, आणि त्यावरून तो चढतो. पुढे फुजिवारा कॅपकॉम कंपनीत गेले आणि तीच कल्पना त्यांनी १९८७ च्या 'बायोनिक कमांडो'त वाढविली. या सैनिकालाही उडी नाही. त्याचा यांत्रिक हात लांब जाऊन छताला धरतो आणि तो झोका घेऊन पलीकडे जातो. इथवर शिडी, वेल, दांडा हे सारे दुसऱ्याने मांडलेले होते. आता आधार कुठे घ्यायचा हेही खेळणाऱ्यानेच ठरवायचे.

१९९४ साली जपानात 'उमिहारा कावासे' निघाला. पाठीवर दप्तर घेतलेली एक मुलगी, आणि तिच्या हाती मासे धरण्याचा गळ. त्याची दोरी रबरासारखी ताणते. गळ अडकवावा, दोरी आखडावी, सैल सोडावी, झोका वाढवावा, आणि ऐन वेळी गळ सोडवून घ्यावा. मला हा खेळ अजिबात जमला नाही. नातवालाही पुरता जमला नाही, हे पाहून बरे वाटले. २००४ च्या 'स्पायडर-मॅन २'मध्ये तर साऱ्या मॅनहॅटनवरून झोके घेता येतात. आधीच्या खेळांत कोळ्याचे जाळे आकाशात कुठेतरी चिकटे. इथे ते चिकटायला खरीखुरी इमारत जवळ असावी लागते. उघड्या बागेवर आले की झोका संपला. आधार असेल तरच झोका, हा जगाचा नियम तेव्हा कुठे या खेळाने मान्य केला.

झोक्याचे शास्त्र आपल्याला पाळण्यापासून ठाऊक असते. दोर अगदी टोकाला पोहोचला म्हणजे वेग शून्य होतो. तिथे हात सोडला तर माणूस सरळ खाली येतो. तळाशी वेग सर्वांत अधिक, पण तो आडवा. तिथे सोडले तर पुढे जाऊ, पण वर उठणार नाही. दूर जायचे तर तळ ओलांडल्यावर, दोर चढत असताना, टोक येण्याआधी सोडावे लागते. हा क्षण फार लहान असतो. आणि इथेच मला माझी स्वतःची गोष्ट सांगणे प्राप्त आहे.

आमच्या गावाबाहेर ओढ्याकाठी एक जुना वड होता. जंगलातली खरी वेल जमिनीतून उगवून वर चढते, तिचे मूळ खाली रोवलेले असते. झोका घ्यायचा तर आधी ती तोडावी लागेल. वडाची पारंबी मात्र वरून खाली येते आणि मातीला टेकेपर्यंत मोकळी लोंबते. म्हणून आमची सूरपारंब्या वडाखाली रंगे. चौदाव्या वर्षी, १९६४ च्या मे महिन्यात, एका पारंबीला धरून मी ओढ्यावर झेप घेतली. पलीकडचा काठ पायाखाली आला तेव्हा हात सोडायचा होता. मी भ्यालो आणि अधिकच घट्ट धरले. पारंबी मला घेऊन परत फिरली, झोका मंदावत गेला, आणि अखेर हात दमून सुटले ते बरोबर मध्यावर, खालच्या दगडांवर. उजवे मनगट मोडले. ते आजही पुरते वळत नाही.

मी धरून राहिलो म्हणून पडलो. पण घरी सर्वांनी म्हटले, पोर झाडावर चढले म्हणून पडले. पुढे मीही तेच म्हणू लागलो. माझ्या मुलाला मी झाडावर चढू दिले नाही, की मल्लखांबाला हात लावू दिला नाही. १९९४ च्या सुमारास घरोघरी स्वस्त टीव्ही गेम आले. जपानात १५ जुलै १९८३ रोजी निन्टेंडोने जे घरगुती यंत्र बाजारात आणले त्याच्याच या नकला. त्या यंत्राबरोबर पहिल्याच दिवशी निघालेल्या तीन खेळांत 'डाँकी काँग ज्युनियर' होता, आणि आमच्या कॅसेटमध्येही तो होता. मुलगा तासन् तास त्या वेलींवर चढत असे. मी रागावत असे. "त्यापेक्षा बाहेर जाऊन खेळ," असे म्हणत असे. एकदा तो म्हणाला, "बाहेर चढू देत नाही, आत चढू देत नाही. मग चढू कुठे?" त्याला मी त्या वेळी उद्धटपणा समजलो.

पडद्यावरची वेल ही पारंबीची जागा घेईल असे मी आजही म्हणणार नाही. तळहाताला साल निघाल्याची आग होत नाही, पोटात खड्डा पडतो तो खोटा, आणि पडले तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करता येतो. खेळणाऱ्या पोरांनी झाडे विसरावी असेही मला वाटत नाही. पण मियामोतो, क्रेन, फुजिवारा या मंडळींनी हातांना एक जुनी गोष्ट नव्याने शिकविली हे कबूल केले पाहिजे. आधार घेण्यासाठी जसे बळ लागते तसे तो वेळेवर सोडण्यासाठीही लागते. माझ्या नातवाला ती अकराव्या वर्षी कळली. मला कळायला साठ वर्षे लागली.

मे महिना संपता संपता मी मुलाला फोन केला. शेजारच्या व्यायामशाळेत मल्लखांबाचा वर्ग चालतो. नातवाचे नाव घालू का, असे विचारले. तो क्षणभर बोलला नाही. मग म्हणाला, "घाला ना बाबा. पण तुम्ही तिथे उभे राहून 'सांभाळ, सांभाळ' म्हणणार नसाल तर."

मी तसे वचन दिले आहे. सकाळी नातवाला घेऊन जातो, भिंतीशी बाकावर बसतो. तो दोरी पायाच्या आंगठ्यात आणि शेजारच्या बोटात पकडतो, वर जातो, हात सोडतो. माझे उजवे मनगट तेव्हा आपोआप आवळले जाते. तोंडातून मात्र शब्द निघू देत नाही.